मुंबई न्यायकक्षेच्या अधीन

दुकानाच्या बिलावर, मालवाहतूकदाराच्या पावतीवर किंवा मागणीपत्राच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेली ‘मुंबई न्यायकक्षेच्या अधीन’ ही ओळ माल घेताना सहसा कोणी वाचत नाही. परंतु माल फुटका निघाला, वाटेत गहाळ झाला किंवा पैसे भरूनही पोचला नाही, म्हणजे त्याच ओळीवर बोट ठेवून कंपनी सांगते की, तक्रार असेल तर मुंबईच्या न्यायालयात यावे. न्यायकक्षा म्हणजे एखाद्या न्यायालयाचा अधिकार ज्या प्रदेशापुरता, ज्या रकमेपुरता आणि ज्या प्रकारच्या वादांपुरता चालतो ती मर्यादा होय. दावा लाखोंचा असेल तर परगावचा वकील, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च वादी कसाबसा सोसतो; दावा काही शे किंवा काही हजार रुपयांचा असेल तर तोच खर्च मूळ रकमेला गिळून टाकतो, आणि म्हणून लहान धनकोपुढे आपली बाजू खरी की खोटी या प्रश्नाच्या आधी दावा कोठे चालणार हा प्रश्न उभा राहतो. पश्चिम भारतातील या प्रश्नाचा इतिहास पाहिला तर तो मुख्यतः हेलपाटे कोणी घालायचे याचा इतिहास आहे, आणि त्यात कायद्याने दुर्बळ पक्षाची बाजू फार उशिरा घेतली, हे नोंदवणे भाग आहे.

पेशवाईच्या अखेरच्या काळात देण्याघेण्याचे तंटे पंचायतीपुढे जात, परंतु धनकोचे पहिले हत्यार पंचायत नव्हते, तर तगादा होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात त्याने या तगाद्याचे वर्णन केले आहे: साध्या मागणीपासून सुरुवात करून ऋणकोच्या दारात पहारा बसवणे, त्याला घराबाहेर पडू किंवा जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, इथपर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. या पद्धतीत क्रौर्य होते, आणि बळकट माणसाविरुद्ध ती फारशी उपयोगी पडत नसे. परंतु तिच्यात धनको आणि ऋणको एकमेकांच्या दारापर्यंत चालत जाऊ शकतात हे गृहीत होते. दूरच्या पेठेतील येणे वसूल करण्यासाठी पेढ्या आपापल्या आडत्यांवर, म्हणजे दलालीवर परगावी व्यवहार सांभाळणाऱ्या व्यापाऱ्यांवर, आणि हुंडीच्या पतीवर अवलंबून राहत, कारण हुंडी नाकारणाऱ्या पेढीची पत सर्व पेठांत एकदमच जात असे. ज्याचे घर नाही, ज्याला दार नाही, ज्याच्या उंबऱ्यावर धरणे धरता येत नाही, असा ऋणको या व्यवस्थेला माहीत नव्हता. तो आला कंपनीच्या रूपाने.

मुंबई बेटावर इंग्रजी न्यायालये आधीपासून होती. १७२६ च्या सनदेने स्थापन झालेले मेयरचे न्यायालय लहान रकमांसाठी खर्चिक ठरल्यामुळे १७५३ च्या सनदेने पाच पॅगोडांपर्यंतच्या, म्हणजे त्या काळच्या दक्षिणी सोन्याच्या पाच नाण्यांपर्यंतच्या, दाव्यांकरिता ‘कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स’ नावाचे निराळे न्यायालय काढण्यात आले. १८५० च्या नवव्या अधिनियमाने कलकत्ता, मद्रास व मुंबई येथे पाचशे रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी लघुवाद न्यायालये आणली, आणि १८८२ च्या इलाखा शहर लघुवाद न्यायालय अधिनियमाने ही मर्यादा दोन हजारांवर नेली. धोबी तलावाजवळ आजही उभे असलेले मुंबईचे लघुवाद न्यायालय याच परंपरेतले आहे. साधी कार्यपद्धती, थोडक्यात चौकशी आणि अपिलांना आवर, असा या न्यायालयांचा हेतू होता आणि तो स्तुत्य होता. तथापि त्यांचा अधिकार शहराच्या हद्दीशी बांधलेला असल्यामुळे गिरगावातल्या वादीला जे न्यायालय स्वस्त होते ते खानदेशातल्या वादीला आगगाडीच्या भाड्यासकट पडत असे.

मुंबई शहराबाहेरील मुलुखासाठी, म्हणजे मुफसलासाठी, १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने नियम घातला की, दावा वादकारण जेथे घडले तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे लावावा. वादकारण म्हणजे वादीला न्यायालयात येण्याचा हक्क ज्या घटनांच्या समुच्चयाने मिळतो त्या घटना: करार, त्याचा भंग, झालेले नुकसान. प्रतिवादीच्या दारी जाण्याचा नियम युरोपात रोमन कायद्यापासून चालत आला असून त्यामागील विचार न्याय्य आहे, कारण ज्याच्यावर आरोप होतो त्याला घर सोडून धावायला लावणे बरोबर नाही. हा विचार माणसांसाठी झालेला होता. कंपनीला तो जसाच्या तसा लागू केला, तेव्हा ज्याला सर्वांत कमी संरक्षणाची गरज होती त्यालाच ते सर्वांत जास्त मिळाले.

हे रेल्वेच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट दिसते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी १८४९ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आली, तिचे संचालक मंडळ लंडनला बसत असे, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली गाडी तिची होती. अशी कंपनी ‘राहते’ कोठे? लंडनला, असे उत्तर दिले तर जळगावच्या कापूस व्यापाऱ्याने भिजलेल्या गाठींसाठी टेम्स नदीच्या काठी जायला हवे होते. कायद्याने हा अनर्थ टाळला. कंपनीचे ब्रिटिश हिंदुस्थानातील मुख्य कार्यालय हेच तिचे धंद्याचे ठिकाण मानावे, आणि जेथे तिचे दुय्यम कार्यालय असून वादकारणही तेथेच घडले असेल तेथे त्या दाव्यापुरते ते ठिकाण मानावे, अशी तरतूद झाली; १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या विसाव्या कलमाखालील स्पष्टीकरणात ती आजही आहे, आणि पुढे कळेल की एवढ्या एका वाक्याने अनेक लहान वाद्यांना तारले. १८९० च्या रेल्वे अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा मार्ग १८७० साली जबलपूरला पूर्ण झाल्यापासून एकाच बिल्टीवरचा माल दोन-तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाऊ लागला होता, आणि तो कोणाच्या हातून हरवला हे पाठवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून ऐंशीव्या कलमाने ज्या रेल्वेच्या ताब्यात माल दिला तिच्यावर किंवा जिच्या मार्गावर नुकसान झाले तिच्यावर, यांपैकी कोणावरही दावा लावण्याची मोकळीक दिली.

परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढूनही घेतले गेले. त्याच अधिनियमाच्या सत्त्याहत्तराव्या कलमाप्रमाणे माल रेल्वेकडे दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत लेखी मागणी रेल्वे प्रशासनाकडे पोचली नाही तर भरपाईचा हक्कच संपत असे, आणि मागणी स्टेशनमास्तरकडे केली होती, ती प्रशासनाकडे केलेली मागणी नव्हे, असा बचाव घेता येत असे. जोडीला जोखीमपत्र असे: कमी दराने माल पाठवायचा तर पाठवणाऱ्याने एका छापील नमुन्यावर सही करायची आणि नुकसानीच्या जबाबदारीतून रेल्वेला बहुतांशी मोकळे करायचे. नाव कराराचे होते. पण माल फलाटावर पडलेला, गाडी सुटण्याच्या बेतात, आणि दुसरी रेल्वे नाही, अशा स्थितीत सही करणाऱ्याची संमती कितपत खरी मानावी, हा प्रश्न पुढील शंभर वर्षे छापील कराराच्या प्रत्येक प्रकाराविषयी विचारला जाणार होता. रेल्वेवरील भरपाईच्या मागण्या अखेर १९८७ च्या अधिनियमाने रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे गेल्या.

या काळात मराठी भाषकांचा प्रदेश एका राज्यसत्तेखाली नव्हता, ही गोष्टही विसरता येत नाही. औरंगाबाद, बीड, परभणी निजामाच्या राज्यात होते, कोल्हापूर, सांगली, मिरज येथे संस्थानी न्यायालये होती, आणि गोव्यात पोर्तुगीज कायदा चालत होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या संहितेच्या भाषेत ही सर्व ‘परकीय न्यायालये’ होती. सरकारने अधिसूचना काढून एखाद्या संस्थानाचे हुकूमनामे मान्य केले नसतील, तर तेथे मिळालेल्या हुकूमनाम्यावर, म्हणजे दिवाणी न्यायालयाच्या अंतिम निर्णयावर, इकडे नव्याने दावा लावावा लागे. त्यातही १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने फरीदकोटच्या राजाच्या प्रकरणात कठोर नियम घालून दिला. राजाने संस्थान सोडून गेलेल्या आपल्या माजी खजिनदारावर संस्थानाच्याच न्यायालयात एकतर्फी हुकूमनामे मिळवले होते. प्रतिवादी त्या हद्दीत राहत नाही आणि त्याने त्या न्यायालयाचा अधिकार मान्यही केलेला नाही, म्हणून हे हुकूमनामे बाहेर पूर्णपणे शून्यवत होत, असे कौन्सिलने ठरवले. एका राजाविरुद्ध एका सामान्य माणसाला या नियमाने वाचवले. पण तोच नियम हद्दीपलीकडे बसून टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांनाही लागू होता. समन्सकडे दुर्लक्ष करून घरी बसून राहणे हाच त्यांचा उत्तम बचाव ठरत असे.

दिवाणी संहिता १ एप्रिल १९५१ पासून पूर्वीच्या संस्थानी राज्यांना लागू झाली, तेव्हा औरंगाबाद आणि अहमदनगर यांमधली कायद्याची भिंत पडली. गोव्याची भिंत आणखी टिकली. १९६१ च्या मुक्तीनंतरही तेथे पोर्तुगीज प्रक्रियाच चालू होती, आणि भारतीय संहिता तेथे १९६६ च्या जूनमध्ये आली. मुंबईच्या न्यायालयाने मुक्तीपूर्वी एका गोवेकराविरुद्ध दिलेला हुकूमनामा पणजीच्या न्यायालयात बजावता येईल का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७६ साली त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले. एकाच कोकणपट्टीतील दोन शहरांमधील येणे वसूल होऊ शकते की नाही, हे ठरायला मुक्तीनंतर जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

वादकारण ‘घडते’ कोठे, या प्रश्नाला टपालाने आणि टेलिफोनने निराळेच वळण दिले. भारतीय करार अधिनियमाच्या १८७२ च्या तरतुदीप्रमाणे स्वीकृतीचे पत्र टपालात टाकले की प्रस्ताव करणारा बांधला जातो, म्हणजे करार स्वीकारणाऱ्याच्या गावी पुरा होतो. टेलिफोनचे काय? २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने विदर्भातील खामगावच्या जिनिंग व तेल गिरणीशी लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला; माल मिळाला नाही, म्हणून ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या न्यायालयात लागला, आणि खामगावच्या गिरणीने म्हटले की होकार आम्ही खामगावात दिला, तेव्हा दावा खामगावलाच चालला पाहिजे. सौदा झाला त्या दिवशी दोन्ही गावे एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात होती. निकाल लागेपर्यंत ती दोन वेगळ्या राज्यांत गेली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असे ठरवले की टेलिफोनवर दोन्ही पक्ष जणू समोरासमोर असतात, म्हणून स्वीकृती जेथे ऐकू येते तेथे करार पुरा होतो, आणि तो अहमदाबादला झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी वेगळे मत दिले: अधिनियमाचे शब्द पाहता स्वीकृती उच्चारली गेली त्या खामगावातच करार पुरा झाला. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद पूर्वी भूषवलेल्या या न्यायमूर्तींचे मत अधिनियमाच्या शब्दांशी अधिक प्रामाणिक आहे, असे मानण्यास जागा आहे. परंतु कायदा बहुमताचाच झाला, आणि त्यामुळे दूरवरून माल मागवणाऱ्याला आपल्या गावी दावा लावण्याचा एक आधार मिळाला.

कंपन्यांनी या अनिश्चिततेवर छापील उपाय शोधला, आणि आरंभी उल्लेखिलेली ओळ ही त्याचीच खूण आहे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने वाराणसीच्या बांधकामाच्या कराराबाबत असे मान्य केले की, दोन किंवा अधिक न्यायालयांना मुळात अधिकार असेल तर त्यांपैकी एकच निवडण्याचा करार पक्षांना करता येतो. बांधकाम कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असल्यामुळे वाराणसीच्या ठेकेदाराला मुंबईला जावे लागले. यानंतर मोठ्या शहराचे नाव कागदावर छापणे हा रिवाजच पडला. १९८९ साली न्यायालयाने त्याला थोडा लगाम घातला. गुजरातमधील खेडा येथील उत्पादकाने तमिळनाडूतील सेलमच्या व्यापाऱ्याला प्रत्येकी ३५ रुपये दराने धातूयुक्त सुताची ५,००० रिळे विकण्याच्या सौद्यात ‘खेडा न्यायकक्षेच्या अधीन’ असे लिहिले होते. त्यात ‘केवळ’, ‘फक्त’ असा शब्द नव्हता, आणि एवढ्यावरून सेलमच्या न्यायालयाचा अधिकार जात नाही, असे ठरले. एका अव्ययावर एका व्यापाऱ्याचा दीड हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास अवलंबून राहिला, आणि २०१३ साली दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने हे अव्ययही अनावश्यक ठरवले: ठिकाणाचे नाव लिहिले यातच इतर ठिकाणे वगळण्याचा हेतू दिसतो.

या मालिकेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मात्र १९९१ चा आहे. तमिळनाडूतील बोडीनायकनूरच्या वेलदोड्याच्या व्यापाऱ्यांनी एका मोठ्या वाहतूक कंपनीकडे दिल्लीला पाठवण्यासाठी दिलेला माल दिल्लीच्या गोदामातील आगीत नष्ट झाला; कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असल्यामुळे तिने छापील अटीकडे बोट दाखवून मुंबईचाच आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाने विसाव्या कलमाचे ते जुने, रेल्वेच्या काळातील स्पष्टीकरण पुन्हा वाचले आणि सांगितले की, जेथे दुय्यम कार्यालय आहे व वादकारणही घडले आहे तेथे कंपनी धंदा करते असे मानावयाचे असल्यामुळे मुख्य कार्यालयाच्या शहराला या दाव्यात अधिकारच उरत नाही. आणि ज्या न्यायालयाला मुळात अधिकार नाही त्याला तो पक्षांच्या कराराने देता येत नाही. बोडीनायकनूरच्या व्यापाऱ्यांना मुंबई गाठावी लागली नाही. त्या दिवसापासून ‘मुंबई न्यायकक्षेच्या अधीन’ ही ओळ पुष्कळ पावत्यांवर केवळ भीती घालण्यापुरती उरली आहे, जरी छापणाऱ्यांनी ती छापणे थांबवलेले नाही.

व्यापाऱ्यांच्या या लढाईत साध्या ग्राहकाला स्थान मिळाले ते चळवळीमुळे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण अधिनियम आला, ज्याच्या जिल्हा मंचापुढे वकिलाशिवाय उभे राहता येत होते. पण प्रवासाचा प्रश्न त्या अधिनियमानेही सोडवला नाही. तक्रार विरुद्ध पक्ष जेथे राहतो, धंदा करतो किंवा शाखा ठेवतो तेथे, अथवा वादकारण घडले तेथेच करायची होती. तक्रारदाराच्या स्वतःच्या गावाचा त्यात उल्लेख नव्हता. शाखेच्या आधारावर अंबाल्याच्या गोदामातील आगीची तक्रार चंदीगडला करणाऱ्या विमाधारकालाही सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली परत पाठवले, कारण कोणत्याही शाखेच्या गावी तक्रार चालवली तर लोक सोयीचे पीठ शोधत फिरतील, अशी त्याला भीती वाटली. एकीकडे कंपन्यांना छापील ओळीने गाव निवडू दिले जात होते आणि दुसरीकडे ग्राहकाने निवडलेले गाव ही पळवाट ठरत होती. ही विषमता समर्थनीय नव्हती.

तिचा शेवट २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने केला. २० जुलै २०२० रोजी लागू झालेल्या या अधिनियमाच्या चौतिसाव्या कलमाने तक्रारदार जेथे राहतो किंवा स्वतः उपजीविकेसाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करण्याचा हक्क दिला, आणि प्रतिवादीच्या दारी जाण्याचा प्राचीन नियम ग्राहकापुरता उलटला. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि ऑनलाइन तक्रार दाखल करण्याची सोयही आहे. छापील ओळ अशा विशेष यंत्रणांपुढे कितपत चालते, हेही स्पष्ट झाले आहे: ‘दिल्लीच्या न्यायालयांच्या अधीन’ अशी अट तिकिटात असलेल्या एका विमान प्रवासाविषयीचा दहा हजार रुपयांच्या भरपाईचा वाद २०११ साली सर्वोच्च न्यायालयात पोचला, तेव्हा प्रवाशाला भरपाई मिळाली नाही, परंतु त्या अटीमुळे हैदराबादच्या स्थायी लोकअदालतीचा अधिकार जात नाही, हे तत्त्व पक्के झाले.

देशाबाहेरील कंपनीपुढे मात्र हा इतिहास अद्याप अर्ध्यावर आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी भारतात नोंदणी नसूनही येथील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या कंपन्यांना आपल्या कक्षेत घेतले आणि तक्रारीची पोच ४८ तासांत देण्याचे बंधन घातले. पण निर्णय मिळाल्यावर त्याची वसुली कोठून करायची, हा फरीदकोटचा प्रश्न तसाच राहतो. युरोपीय संघाने सीमेपलीकडील लहान दाव्यांसाठी २००९ पासून छापील अर्जांची एकच पद्धत सुरू केली असून आज तेथे पाच हजार युरोपर्यंतचा निर्णय एका सदस्य देशातून दुसऱ्यात वेगळ्या मान्यतेशिवाय बजावता येतो. भारताने तशी व्यवस्था शेजारी देशांशी आणि मोठ्या व्यापारी देशांशी करावयास हवी. तोवर देशातल्या देशात तरी, बिलाच्या तळाशी परगावाचे नाव छापलेले आहे एवढ्यावरून कोणत्याही ग्राहकाने आपला खरा दावा सोडून देऊ नये. बिल, पावती आणि पत्रव्यवहार जपून ठेवावा, आणि तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करावी.